सराव परीक्षेचा आकडा आणि घरची आखणी



हंगामाच्या तोंडाला शेतकी खात्याचा माणूस रिफ्रॅक्टोमीटर घेऊन फडात शिरतो, हे आपल्याला नवीन नाही. बांधाकडचा ऊस तो घेत नाही. त्या उसाला ऊन-वारा जास्त मिळालेला असतो, त्याचा आकडा साऱ्या फडाचा नसतो. तो आत शिरतो, चार-सहा ठिकाणचे ऊस काढतो, बुडख्याचा रस वेगळा पाहतो आणि शेंड्याचा वेगळा. बुडख्याला ब्रिक्स वीस आणि शेंड्याला चौदा निघाला तर "अजून थांबा" म्हणतो. दोन्ही आकडे जवळजवळ आले, की तोडणी प्रोग्रॅमला प्लॉटचं नाव चढतं. या आकड्यावरून कुणी उसाला शाबासकी देत नाही, की शिव्या घालत नाही. तोड कधी घ्यायची हे ठरवायला तो आकडा असतो, एवढंच.

आता आपल्याच घरात बघा. बारावीचं पोरगं किंवा पोरगी सीईटीची, नीटची नाहीतर जेईईची सराव परीक्षा देते. आकडा मोबाइलवर येतो. चांगला आला तर पेढे, वाईट आला तर रात्रीचं जेवण गोड लागत नाही. दुसऱ्या दिवशी कुणाला त्या आकड्याची आठवणही नसते. त्या आकड्यावरून पैसा, कागदपत्रं आणि कॉलेजांची यादी यांची आखणी करायची असते, ती कोणीच करत नाही. मग जुलै-ऑगस्टमध्ये आपण गाडी करून गावोगावच्या कॉलेजांच्या दारात उभे.

हे मी दुसऱ्याला दोष देण्यासाठी लिहीत नाही. आमच्याच घरात घडलं. माझा पुतण्या तालुक्याच्या गावी एका क्लासला जात होता. क्लासचं नाव सांगण्यात अर्थ नाही, चूक आमची होती. जानेवारीत तिथल्या सराव परीक्षेत १२० मुलांत त्याचा दहावा नंबर आला. मोबाइलवर निरोप आला, "९२.५ पर्सेंटाइल". थोरल्या बंधूंना वाटलं, पोरानं ब्याण्णव टक्के पाडले, आता पुण्याचं सरकारी कॉलेज कुठं जात नाही. उसाचा पहिला हप्ता आला तो त्यांनी निर्धास्तपणे पाइपलाइनला घातला. प्रवेशाच्या फॉर्ममध्ये मोठमोठी आठ कॉलेजं भरली आणि फॉर्म बंद केला. प्रत्यक्ष सीईटीत त्याला ७१ पर्सेंटाइल मिळाले. आठांपैकी एकही कॉलेज कुठल्याच फेरीत लागलं नाही. शेवटी एका खाजगी कॉलेजात संस्थेच्या कोट्यातली जागा घेतली, सोसायटीचं कर्ज काढून. त्या जागेला सरकारची फी सवलत मिळत नाही, हे आम्हाला पैसे भरल्यावर कळलं. आणि गंमत अशी, की ७१ पर्सेंटाइलला सरकारी फेरीतून मिळणारी कॉलेजं त्याच जिल्ह्यात होती. आम्ही ती फॉर्ममध्ये लिहिलीच नव्हती.

तेव्हा पहिली गोष्ट, पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत.

टक्के सांगतात की शंभर मार्कांपैकी किती मिळाले. पर्सेंटाइल सांगतं की परीक्षेला बसलेल्या शंभर मुलांपैकी किती मुलं तुमच्याइतकी किंवा तुमच्या मागं आहेत. १२० मुलांत दहावा आला म्हणजे स्वतः धरून १११ जण त्याच्या बरोबरीचे किंवा मागे. १११ भागिले १२०, म्हणजे ९२.५. हिशेब बरोबर होता, पण तो त्या एका खोलीतल्या मुलांचा होता. राज्याच्या सीईटीला २०२५ साली एकट्या फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स गटात चार लाखांवर मुलं बसली. तिथं ९० पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या पुढे सुमारे चाळीस हजार मुलं. आकडा तोच दिसतो, फड मात्र केवढा मोठा. म्हणून सराव परीक्षेचा निकाल आला की पहिला प्रश्न विचारायचा: किती मुलांत? आणि कुठली मुलं? फक्त आपल्या तालुक्याची, का लातूर, पुणे, नांदेडची सुद्धा?

नुसत्या मार्कांचंही तसंच. नीटची परीक्षा ७२० मार्कांची. २०२४ साली पैकीच्या पैकी मार्क मिळवणारी एक-दोन नव्हे तर अनेक मुलं निघाली. २०२५ साली पेपर अवघड होता, देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ मार्क होते. म्हणजे २०२४ ला जे मार्क "काहीच नाहीत" असं वाटायचं, ते २०२५ ला बरेच वरचे ठरले. शेजारच्याच्या मुलाला दोन वर्षांपूर्वी अमुक मार्कांना अमुक कॉलेज मिळालं, असा पारावरचा हिशेब म्हणूनच चालत नाही. मार्क नव्हे, नंबर कितवा हे जुळवून पाहायचं.

दुसरी गोष्ट, एका सराव परीक्षेचा आकडा म्हणजे बांधाकडचा एक ऊस. पोरगी त्या दिवशी तापात असेल, पेपर सोपा असेल, नाहीतर तेच प्रश्न आदल्या आठवड्यात क्लासात झालेले असतील. निदान पाच-सहा परीक्षा व्हाव्यात आणि त्या खऱ्या परीक्षेसारख्या व्हाव्यात. सीईटी कॉम्प्युटरवर होते. आपली मुलं कागदावर सराव करतात आणि पडद्यावर प्रथमच पेपर पाहतात तो परीक्षेच्या दिवशी. तालुक्याच्या ठिकाणी कॉम्प्युटरची सोय असेल तिथं दोन-चार पेपर तरी द्यायला लावा. सीईटी कक्षाच्या वेबसाइटवरही सराव चाचणीची सोय असते. घरी पेपर सोडवायचा तर सलग तीन तास दार बंद. मध्ये "गोठ्यात जाऊन ये" नाही, "पाव्हणे आलेत, चहा ठेव" नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण मुलींच्या बाबतीत हे फार होतं, आणि मग आपणच म्हणतो की हिला मार्क कमी पडले.

आता आकडा उलगडायचा कसा ते एका खऱ्या वहीवरून सांगतो. आमच्या गटातल्या एका मुलीचा सीईटीचा सराव पेपर मी तिच्या वडिलांबरोबर बसून पाहिला. पेपर २०० मार्कांचा. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे पन्नास-पन्नास प्रश्न, एकेक मार्काचे, दोन्ही मिळून दीड तास. मॅथ्सचे पन्नास प्रश्न, दोन-दोन मार्कांचे, त्याला वेगळा दीड तास. म्हणजे निम्मे मार्क एकट्या मॅथ्सचे. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. तिला फिजिक्समध्ये २१, केमिस्ट्रीत २९ आणि मॅथ्सचे २२ प्रश्न बरोबर, त्याचे ४४, एकूण ९४. वडील म्हणाले, "निम्मेसुद्धा नाहीत, मास्तर. शेतकीचा फॉर्म भरावा का?"

मी म्हटलं, आधी चुकांचे ढीग करू. ढीग तीन. एक, जे येतच नव्हतं. दोन, येत होतं पण घाईत, गणिताच्या आकडेमोडीत, प्रश्न नीट न वाचल्यानं चुकलं. तीन, वेळ पुरली नाही.

फिजिक्स-केमिस्ट्रीत मिळून पन्नास चुका. त्यातल्या २७ येतच नव्हत्या, आणि गंमत म्हणजे त्यातल्या १७ फक्त तीन धड्यांतल्या: रोटेशनल डायनॅमिक्स, एसी सर्किट्स आणि इलेक्ट्रोकेमिस्ट्री. अकरा चुका हातच्या सुटलेल्या. बारा प्रश्न शेवटच्या दहा मिनिटांत डोळे मिटून खुणा केलेले. दीड तासात शंभर प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला मिनिटसुद्धा नाही. ही मुलगी पहिल्या वीस प्रश्नांत अर्धा तास घालवून बसली होती. मॅथ्समध्ये दहा चुका, त्यातल्या सहा आकडेमोडीच्या, म्हणजे बारा मार्क तिथंच सांडले. आणि अठरा प्रश्न तिनं कोरे सोडले होते! मार्क कापत नाहीत त्या पेपरात कोरं सोडणं म्हणजे भरलेली गाडी काट्यावर न नेता परत आणणं. चार पर्यायांपैकी अंदाजानं एक ठोकला असता तरी अठरांतले चार-पाच लागायचे, आठ-नऊ मार्क यायचे. नीट आणि जेईईचं मात्र वेगळं आहे, हे ध्यानात ठेवा. तिथं बरोबर उत्तराला चार आणि चुकीच्या उत्तराला एक मार्क वजा. ज्यातले एक-दोन पर्याय खात्रीनं कटतात तिथंच अंदाज करावा. नीट देणाऱ्या मुलाच्या वहीत चुकीच्या उत्तरांनी किती मार्क गेले याचा रकाना वेगळा पाहिजे.

तर या मुलीचा ९४ हा एकच आकडा नव्हता. तीन धडे, घड्याळ आणि आकडेमोड, अशा तीन दुरुस्त्या होत्या. पुढचे दोन महिने तिनं नवीन पुस्तकाला हात लावला नाही. ते तीन धडे केले, अकरावीचा भाग एकदा वाचून काढला (सीईटीत सुमारे वीस टक्के प्रश्न अकरावीचे असतात, ते मुलं विसरतात), आणि दर रविवारी एक पेपर घड्याळ लावून दिला. आकडे असे आले: १०२, ९८, ११७, ११३, १२१. मधला एक खाली गेला म्हणून घरात कुणी बोललं नाही, ही त्या आईची शिकवण.

आता हे पाच आकडे घेऊन घरानं काय करायचं? मला विचाराल तर खालचा, मधला आणि वरचा असे तीन आकडे वेगळे काढा. पैशाची जुळणी मधल्या आकड्यावर करा. कागदपत्रं वरच्या आकड्याला कमी पडणार नाहीत अशी तयार ठेवा. कॉलेजांची यादी खालच्या आकड्याच्याही खाली दोन पायऱ्या न्या. आमच्या थोरल्या बंधूंनी तिन्ही गोष्टी एकाच वरच्या आकड्यावर केल्या, तिथं घोटाळा झाला.

कॉलेजांची यादी करायला मागच्या वर्षांचे कटऑफ लागतात. सीईटी कक्ष प्रत्येक फेरीनंतर ते वेबसाइटवर टाकतो, कॉलेजवार, शाखेवार आणि प्रवर्गवार. पहिल्यांदा ती यादी उघडली की सातबारावरच्या नोंदीसारखं गरगरतं. "जीओपीईएनएस", "एलओबीसीएच" असले शब्द दिसतात. त्यात अवघड काही नाही. पहिलं अक्षर जी असेल तर सर्वसाधारण जागा, एल असेल तर मुलींसाठी राखीव. मधे प्रवर्ग. शेवटचं अक्षर एस म्हणजे राज्य पातळीची जागा, एच म्हणजे आपल्या विद्यापीठ क्षेत्रातल्या मुलांची, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठ क्षेत्रातल्यांची. आपल्या लेकीला लागू असलेले रकानेच तेवढे पाहा. दोन-तीन वर्षांचे कटऑफ शेजारी-शेजारी लिहा, कारण एका वर्षी एखादी शाखा चढते, दुसऱ्या वर्षी उतरते. शेवटच्या फेरीचा आकडा पाहायला विसरू नका, पहिल्या फेरीचाच आकडा बघून खूप लोक माघार घेतात.

फॉर्ममध्ये पर्याय भरताना शेकडो भरता येतात, आठ भरून उठायचं कारण नाही. क्रम मात्र आवडीचा ठेवावा. "हे मिळणं शक्य आहे म्हणून पहिलं लिहू" असं करू नये. वरचं नाही मिळालं तर यंत्रणा आपोआप खालचं बघते. पण पहिल्या क्रमांकावर लिहिलेलं कॉलेज मिळालं की तेच घ्यावं लागतं, पुढच्या फेरीत बदलता येत नाही. म्हणून पहिला पर्याय विचार करून लिहा.

पैशाचं बोलू. आपला पैसा आणि कॉलेजची फी यांचं वेळापत्रक जुळत नाही, हे आपलं जुनं दुखणं. बिल येतं हिवाळ्यात-उन्हाळ्यात, फी मागतात पावसाळ्यात, तेव्हाच आडसालीची लागण आणि खताची उचल. सराव परीक्षांचे आकडे जानेवारी ते मार्चमध्ये हातात येतात, नेमके हप्ते येतात त्याच काळात. हा एक योग आपल्या बाजूचा आहे, तो वापरा. मधल्या आकड्याला कुठली कॉलेजं बसतात ते पाहून त्यांची वर्षाची फी, वसतिगृह आणि मेस असा आकडा काढा आणि तेवढी रक्कम जिल्हा बँकेत मुदत ठेवीला बाजूला टाका. ट्रॅक्टरचा हप्ता, लग्न, पाइपलाइन या सगळ्यांआधी.

सवलतींचा हिशेब यात धरायचाच. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत खुल्या गटातल्या मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमाची निम्मी शिकवणी फी मिळते. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना तीच फी पूर्ण माफ आहे. शिवाय शिकवणी फी माफीच्या पाच टक्के वेगळ्या जागा प्रत्येक शाखेला असतात, त्यांचा कटऑफ वर असतो. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या मुलासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. फी सवलतीची अट एकच आणि महत्त्वाची: प्रवेश सरकारी केंद्रीय फेरीतून झालेला पाहिजे. ऑगस्टमध्ये घाबरून संस्थेच्या कोट्यातली जागा घेतली की सवलत गेली. मुलीच्या बाबतीत तर पूर्ण फी गेली. "मुलीच्या शिक्षणाला इतका खर्च कशाला" म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडावा. आज मुलाच्या इंजिनिअरिंगपेक्षा मुलीचं इंजिनिअरिंग बापाला स्वस्त पडतं.

कागदपत्रांना सराव परीक्षेची सुद्धा वाट पाहू नका. जात वैधता प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून यायला महिने लागतात, आजोबांचा शाळेचा दाखला शोधण्यातच एक जातो. नॉन-क्रिमीलेअरवर ३१ मार्चची मुदत असते. ती प्रवेशाच्या वर्षाची आहे का, मागच्या, हे डोळ्यांनी वाचा. अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरीतून जूनच्या गर्दीआधी काढून ठेवा.

आता एक अवघड प्रश्न, जो गट ऑफिसात मला सगळ्यात जास्त विचारला जातो: एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यायची का? याचं उत्तर खऱ्या परीक्षेच्या निकालादिवशी रडारड चालू असताना देऊ नये. सरावाची वही उघडा. पाच-सहा पेपरांत आकडा चढत आला असेल आणि खऱ्या परीक्षेत एकदम पडला असेल, तर अपघात झाला असं म्हणता येईल, आणि पुन्हा देण्यात अर्थ आहे. सगळे आकडे महिनोन् महिने एकाच जागी असतील आणि पहिला ढीग, "येतच नव्हतं", सगळ्यात मोठा असेल, तर आणखी एक वर्ष त्याच क्लासला पैसे भरून ढीग कमी होईल याची खात्री नाही. अशा वेळी शेतकी पदवीचा विचार करावा. राज्याच्या चारही कृषी विद्यापीठांचे, म्हणजे राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीचे प्रवेश याच सीईटीवर होतात. ती काही पडलेल्यांची जागा नव्हे, आपल्या वाडवडिलांच्या धंद्याचंच शिक्षण आहे. ज्यांची मुलं अजून दहावीत आहेत त्यांना पॉलिटेक्निकचा रस्ता आहे. तिथं सीईटी नाही, दहावीच्या मार्कांवर प्रवेश, आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

पुतण्याचं विचाराल तर तो आता तिसऱ्या वर्षाला आहे, चांगला शिकतोय. कर्जाचे हप्ते बंधू अजून फेडतात. धाकटीच्या वेळी मात्र डिसेंबरातच दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर तिच्या सराव परीक्षांचे रकाने, शेवटच्या पानावर उसाच्या हप्त्यांचे.

वही घेऊन घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसायचं म्हटलं, तर टोळी आपल्या फडात असते त्या आठवड्यात ते जमत नाही, आणि त्यानंतर खोडव्याचं काम निघतं. म्हणून तोडणीचा प्रोग्रॅम कळला की त्याच्यापुढची एक रविवारची तारीख कॅलेंडरवर आजच खूण करून ठेवा. पोरीलाही त्या बैठकीत बसवा, आकडे तिचे आहेत.